बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल निवडताना: नागपुरातले अकरा महिने

जानेवारी 2024 मध्ये अर्ज भरला आणि डिसेंबरमध्ये रेंजवर पहिली गोळी सुटली. या मधल्या काळात दोन कामं सोबत चालली: वडिलांच्या परवान्यावरची .315 रायफल माझ्या नावावर करणं आणि दुसऱ्या शस्त्राच्या परवानगीवर एक चांगली .30-06 शोधणं. हे आकडे रायफलीत चालणाऱ्या काडतुसाचे. दोन्ही बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीनंतर मूठ उचलून बोल्ट नावाचा दांडा हाताने मागे-पुढे करायचा. कागदपत्रांबद्दल विचारायला लोक भेटतात. पण दुकानात दोन रायफली समोर ठेवल्या की चांगली कोणती हे कसं ओळखायचं, ते सांगणारं सहसा कोणी नसतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या रायफलींना 'शिकारी रायफल' म्हणतात ते त्यांच्या घडणीवरून. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेत रानडुक्कर शिरतात, रोही (नीलगायी) हरभरा खातात, तरी कलम 11 खालची वन विभागाची परवानगी हातात असल्याशिवाय गोळी झाडता येत नाही. शस्त्राचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे.

कागदांचा भाग थोडक्यात. शस्त्र नियम 2016 मधला नियम 25 वारसांसाठी आहे. परवानाधारकाचं वय 70 झालं असेल किंवा शस्त्र त्याच्याकडे 25 वर्षं असेल, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. नागपूर शहरात राहत असाल तर परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. दोन्हीकडे अर्ज ऑनलाइन भरून छापील प्रत द्यावी लागते. आम्ही नमुना ए-1, बाकी वारसांचं ना-हरकत शपथपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि वडिलांच्या परवान्याच्या सगळ्या पानांची प्रत जोडली. 'सगळ्या पानांची' हे मुद्दाम लिहितो. कोऱ्या पानांची प्रत नव्हती म्हणून एक फेरी वाढली. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत 5 वर्षांची झाली आहे. दोनच जागा, त्यातली एक घरच्या रायफलीने भरलेली, त्यामुळे उरलेली जागा चुकीच्या नगाने भरली तर पुढे निस्तरायला पुन्हा तेवढेच कागद लागणार होते.

आपल्या बाजारात मिळतं काय, हेही आधी समजून घ्यावं. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही. म्हणून अशा रायफलींत दुकानात मुख्यतः दोन प्रकार दिसतात: इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याच्या .315 आणि .30-06, किंवा त्याआधी आलेल्या, तीन-चार मालक पाहिलेल्या परदेशी रायफली. .303 हे लष्करी बोअर (नळीचं माप) नागरिकांना बंद होतं आणि आजही आहे. .315 हे काडतूस म्हणजे मूळचं 8×50 मि.मी. काठवालं (बुडाची कड बाहेर आलेलं) मॅनलिखर, आणि ते ली-एनफिल्ड घडणीच्या रायफलीत बसवलेलं आहे. परदेशी रायफलींत मॉझर 98 च्या घडणीच्या जास्त. चाळीस-साठ वर्षं जुन्या शस्त्रावर कारखान्याचं नाव वाचून अर्धीच माहिती मिळते. बाकीची अर्धी त्या एका नगाने पुढे काय काय सोसलं त्यात असते. म्हणून तपासलेल्या दोन्ही .30-06 च्या कारखान्यांची नावं मी लिहीत नाही.

फेब्रुवारीत घरची .315 तपासली, वडिलांच्या समोर, कारण परवाना अजून त्यांचाच होता. हत्यारं साधी: इतवारीतून आणलेली एलईडी बॅटरी, मोबाइलला जोडायचा 5.5 मि.मी. व्यासाचा बोरोस्कोप, म्हणजे नळीच्या आत बघायचा कॅमेरा (1,400 रुपये), कापसाच्या काड्या, स्प्रिंगचा ताणकाटा (220 रुपये), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि शस्त्रविक्रेत्याकडून मागून आणलेली सहा डमी काडतुसं. पहिलं काम नेहमी एकच: मॅगझिन काढणं, बोल्ट मागे ओढणं, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी बघणं आणि मग बोट घालून खात्री करणं. खरी काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत.

ली घडणीत बोल्टचे लॉकिंग लग, म्हणजे बोल्ट बंद धरून ठेवणारे उंचवटे, मागच्या बाजूला असतात. गोळी सुटताना बोल्टचा जवळजवळ सगळा दांडा दाबाखाली येतो आणि किंचित आखडतो, म्हणून काडतुसाची पुंगळी थोडी जास्त ताणली जाते. हा दोष नाही, ती घडणच तशी आहे. बदल्यात बोल्ट कमी उचलावा लागतो आणि हात भरभर चालतो. या घडणीत बोल्टचं डोकं वेगळं, आट्यांनी बसवलेलं असतं आणि हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर, त्या डोक्याच्या लांबीवर ठरतं. म्हणून बोल्टच्या दांड्यावरचा क्रमांक आणि बॉडीवरचा, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या भागावरचा, क्रमांक एकच आहे ना, हे सर्वात आधी पाहायचं. आमचे जुळले. लाकूड दोन तुकड्यांत असतं, तेव्हा मागचा दस्ता हाताने पिळून पाहायचा. जरा जरी हलला तरी नेम एका जागी राहणार नाही. आमचा हलला. दस्ता धरून ठेवणारा आतला लांब स्क्रू ढिला झाला होता.

नळी मात्र दुखली होती. चेंबरच्या पुढे साधारण चार इंच बारीक काळे खड्डे होते. याचं कारण कारखान्यात नाही, आमच्याच घरात आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत (बुडाशी असलेल्या, पिनच्या ठोक्याने पेटणाऱ्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर जो क्षार उरतो तो मिठासारखा हवेतला ओलावा धरतो. तेलात तो विरघळत नाही, त्यामुळे नुसता तेलाचा बोळा फिरवून रायफल ठेवली की तेलाखाली गंज चालूच राहतो. आधी उकळतं पाणी, मग कोरडा बोळा, मग तेल, हा क्रम पाळायला हवा होता. ज्यांच्या घरी जुनी रायफल आहे त्यांनी हे आजच पाहावं.

16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि शस्त्र जमा करण्याचा आदेश आला. नागपूरचं मतदान 19 एप्रिलला होतं, पण रायफल परत हातात आली ती 4 जूनच्या निकालानंतर. नळीच्या आतबाहेर घट्ट तेल लावलं, बोल्ट वेगळा गुंडाळला, सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आणि पावतीवर रायफलीच्या क्रमांकासोबत बोल्टचाही क्रमांक लिहून घेतला. जिथे सारख्या दिसणाऱ्या अनेक रायफली एकत्र ठेवल्या जातात तिथे बोल्टची अदलाबदल होऊ शकते. दुसऱ्याचा बोल्ट बसतो, बंद होतो, सगळं ठीक वाटतं, आणि हेडस्पेस मात्र बदललेलं असतं. परत घेताना दोन्ही क्रमांक काउंटरवरच ताडून पाहावेत. चोपडलेलं तेल उन्हाळ्यात पातळ होऊन खाली दस्त्यात झिरपतं आणि लाकूड काळं, मऊ करतं. म्हणून रायफल उभी ठेवायची असेल तर नळीचं तोंड खाली. हे मला उशिरा कळलं.

जुलैअखेर परवाना झाला, .315 ची नोंद झाली आणि दुसऱ्या शस्त्राची परवानगी त्यावरच मिळाली. अर्जापासून सहा महिने, त्यातले जवळजवळ तीन आचारसंहितेचे.

ऑगस्टमध्ये शहरातल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे दोन .30-06 पाहिल्या. दोन्ही मॉझर घडणीच्या, दोन्ही युरोपातल्या. पहिली आरशासारखी काळीभोर, दस्ता लालसर, चकचकीत. दुसरी राखाडी, बोल्टच्या मुठीवरचा रंग उडालेला, दस्त्यावर ओरखडे. मी पहिलीच उचलली. विक्रेते म्हणाले, "भाऊ, पॉलिश पाहून राहिले का तुम्ही? आतून पाहा, मग बोला." स्वतःचा महाग माल विकायचा असतानाही हे सांगणारा माणूस भेटला, हे नशीब.

बाहेरून वाचायचं कसं, ते आधी. चमक किती हे पाहू नका, कडा पाहा. मूळ कारखान्यात पॉलिश सपाट दगडाने किंवा घट्ट चाकावर झालेलं असेल तर सपाट बाजू सपाट राहते आणि धार धारेसारखी. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बॉडीच्या बाजूवर पाडून रायफल हळूहळू फिरवा. रेघ सरळ सरकली तर काम चांगलं, लाटेसारखी वाकडी झाली तर मऊ चाकावर बफिंग झालेलं आहे. चमकदार रायफलीत रेघ लाटांसारखी गेली. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या होत्या. क्रमांक वाचता येत होता, पण अक्षरांच्या कडा पुसट होत्या. याचा अर्थ ही रायफल नंतर घासून पुन्हा काळी केलेली आहे. क्रमांक अजिबात वाचता येत नसेल तर तिथेच थांबा. ओळखचिन्ह नसलेलं शस्त्र विकणं आणि घेणं हा शस्त्र कायद्यात गुन्हा आहे.

नुसत्या दिसण्यापुरता हा प्रश्न नाही. मॉझर 98 च्या जुन्या बॉडी कमी कार्बनच्या पोलादाच्या असतात, आतून चिवट आणि वरून पातळ कडक थर दिलेल्या. पॉलिशवाल्याने किंवा दुर्बिणीचा माउंट बसवणाऱ्याने तो थर खाल्ला, तर आतलं मऊ पोलाद उघडं पडतं. लगच्या बैठकीत असं झालं तर दर गोळीबरोबर लग बैठकीत रुतत जातात आणि हेडस्पेस वाढत जातं. खूण अशी: रिकाम्या चेंबरवर बोल्ट बंद करून मूठ हळू उचलायची. सुरुवातीलाच छोट्या खड्ड्यातून वर आल्यासारखी अडली तर शंका घ्यायची. पहिल्या रायफलीची मूठ तशी अडत होती. दुसरीची लोण्यासारखी उचलली गेली.

बोल्ट पूर्ण मागे ओढल्यावर तो डावी-उजवीकडे डुलतो. नवखा माणूस याला ढिलाई समजतो. मॉझरमध्ये उघडा बोल्ट डुलणारच, धुळीतही चालावा म्हणून ती सैल जागा ठेवलेली असते. बंद झाल्यावर डुलायला नको. पाहायचं ते हे.

नळीसाठी बोरोस्कोप. नळीतल्या आट्यांच्या (गोळीला फिरवणाऱ्या पीळदार खाचांच्या) उंच भागावर आडव्या बारीक रेघा दिसल्या तर त्या रीमर या भोक साफ करणाऱ्या हत्याराच्या असतात, आटे पाडण्याआधीच्या भोकाच्या. थोड्या चालतात. दाट आणि खोल असल्या तर तांबं खरवडून धरतात आणि वीस-पंचवीस गोळ्यांत नेम पसरू लागतो. चेंबरच्या लगेच पुढे मगरीच्या पाठीसारख्या भेगा दिसल्या तर ती उष्णतेची झीज, म्हणजे बरंच वापरलेलं शस्त्र. मग बोरोस्कोप बाजूला ठेवून नळी उजेडाकडे धरायची. आत कुठे काळी कडी दिसली तर तिथे नळी फुगलेली असू शकते, बाहेरून त्याच जागी बोट फिरवून पाहायचं. शेवटी नळीचं तोंड. कापसाची काडी आतून बाहेर ओढत कडेवर गोल फिरवायची. तंतू जिथे अडकतात तिथे खवला आहे. गोळी नळी सोडते त्या क्षणी मागचा वायू तिथून एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. एवढ्याशा खवल्यामुळे उरलेली सगळी नळी वाया जाऊ शकते, पण परवानाधारक कारागिराकडे लेथवर ते तोंड दुरुस्त होतं. घरी कानस लावू नका.

आटे किती वेगाने फिरतात तेही मोजता येतं. घट्ट बोळा लावलेली, मुठीत सहज फिरणारी सळई नळीत घालायची, सळईवर खूण करायची आणि एक पूर्ण फेरा होईपर्यंत किती लांबी आत गेली ते मोजायचं. .30-06 ला साधारण 254 मि.मी., म्हणजे 10 इंच यायला हवेत. दोन्हींना आले. पण पहिल्या नळीत सळई ढकलताना मधे एक जागा सैल, पुढे घट्ट, पुन्हा सैल लागली. दुसरीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा विरोध होता. नळीच्या आतल्या कामाबद्दल हाताला इतकं सांगणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

डमी काडतुसं मॅगझिनमधूनच भरायची. मूळ मॉझरमध्ये लांब एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या पट्टीचा) पंजा काडतुसाचा काठ खालून वर येताना पकडतो. चेंबरमध्ये सुटं काडतूस टाकून बोल्ट आपटला तर पंजाला काठावरून उडी मारावी लागते आणि तो तुटू शकतो. दुकानात हे करून दाखवणारे भेटतात, त्यांना थांबवा. हळू भरा, मग जोरात भरा, मग रायफल आडवी करून भरा. चांगल्या नगात तिन्ही वेळा सारखंच होतं.

चापाचं वजन ताणकाट्याने पाच वेळा घेतलं. दुसरीचं 1.7 ते 1.8 किलो आलं. पहिलीचं 1.1 आणि 1.9 च्या मधे कुठेही. सेफ्टीची चाचणी प्रत्येकाने करावी: रिकामी रायफल कॉक करा (बोल्ट चालवून फायरिंग पिन ताणून ठेवा), सेफ्टी लावा, चाप जोरात दाबून सोडा, मग चापाला हात न लावता सेफ्टी काढा. पिन पडली तर ती रायफल तिथेच ठेवा. नंतर पुन्हा कॉक करून, सेफ्टी न लावता, दस्त्याच्या तळव्याला रबराच्या हातोडीने ठोका. पहिलीची पिन तिसऱ्या ठोक्याला पडली. पुढे मी ती फक्त शिकण्यासाठी तपासली.

सप्टेंबरमध्ये विक्रेत्यांनी त्यांच्या ओळखीच्या परवानाधारक शस्त्रकारागिराला दुकानातच बोलावलं. तपासणीचे 1,500 रुपये. हेडस्पेसची गेज त्यांच्याकडे होती आणि हे काम अंदाजाने करायचं नसतंच. .30-06 च्या चेंबरमध्ये हे अंतर किमान 52.04 आणि कमाल 52.29 मि.मी. असतं, म्हणजे सगळा खेळ पाव मिलिमीटरचा. बोल्टमधून फायरिंग पिन आणि स्प्रिंग काढून, दोन बोटांनी, जोर न लावता बंद करायचा. गेज म्हणजे चेंबरमध्ये घालायचे ठरावीक लांबीचे पोलादी तुकडे. बोल्ट आखूड 'गो' गेजवर बंद व्हायला हवा, लांब 'नो-गो' वर होता कामा नये. दुसरी रायफल 'नो-गो' वर अर्ध्यातच थांबली. पहिलीने तेही गिळलं.

मग प्रुशियन ब्लू, म्हणजे खूण उमटवणारा निळा रंग. हिंगण्याच्या कारखान्यांत फिटरलोक दोन पृष्ठभाग बसतात की नाही हे पाहायला जसा ब्लू लावतात, तसाच लगच्या मागच्या बाजूला अगदी पातळ लावायचा आणि बोल्ट मागे दाबत चार-पाच वेळा उघडबंद करायचा. इथेही पिन काढलेली हवी, कारण कॉक केलेला असताना चापाचा सिअर (ताणलेली पिन अडवून धरणारा खटका) बोल्टचं शेपूट वर उचलतो आणि वरचा लग टेकतच नाही असं खोटं चित्र दिसतं. दुसरीच्या दोन्ही लगांवर निम्म्याहून जास्त भाग पुसला गेला. पहिलीचा एकच लग टेकत होता. दोन लगांचं काम एकटा लग करत असेल तर बोल्ट दर वेळी एका बाजूला झुकतो, नेम तिरका पसरतो आणि तो लग रुतत जातो. मुठीत जाणवलेल्या अडथळ्याचं कारण समोर निळ्या रंगात दिसलं.

घडणीच्या स्वस्त-महाग पद्धतींबद्दल एक मत इथेच नोंदवतो. 1964 मध्ये विंचेस्टरने आपल्या मॉडेल 70 चा लांब पंजा काढला, दस्त्यावरचं हाताचं चेकरिंग (पकडीसाठी कोरलेली चौकटीची नक्षी) जाऊन दाबून उमटवलेलं आलं, आणि 'चौसष्टच्या आधीची' हा शब्द जगभर किमतीचा शब्द झाला. त्यावरून लोक समजतात की कमी कामाची रायफल वाईट. ते बरोबर नाही. 1962 च्या रेमिंग्टन 700 ची बॉडी गोल सळईतून लेथवर काढलेली आणि धक्का घेणारा लग वॉशरसारखा वेगळा. ही कमी खर्चाची पद्धत आहे, पण गोल वस्तू लेथवर केंद्राशी अचूक निघते, आणि म्हणून ती नेमाला उत्तम निघाली. 1968 च्या रुगर एम 77 ची बॉडी तर ओतीव आहे आणि मजबूत आहे. पद्धत कोणती हे विचारण्यापेक्षा त्या पद्धतीने हा नग नीट निघाला का, हे मोजावं.

लाकडाची चाचणी कारागिरांनी शिकवली. एक बोट नळी आणि दस्त्याच्या सांध्यावर ठेवून बॉडी लाकडाला धरणारा पुढचा स्क्रू सैल करायचा, मग घट्ट. बोटाला नळी वर-खाली सरकल्यासारखी जाणवली तर बॉडी लाकडात वाकून बसली आहे. दुसरीत किंचित सरकली. शिवाय बॉडीच्या शेपटामागे (मागच्या निमुळत्या टोकामागे) लाकडात केसाएवढी भेग होती: धक्क्याचा लग लाकडाला नीट टेकत नव्हता, म्हणून धक्का शेपटाने घेतला आणि लाकूड फाटायला लागलं. नागपुरात मेमध्ये 45 अंशांची कोरडी हवा आणि जुलैत दमट, लाकूड आकसून पुन्हा फुगतं, म्हणून इथे हा दोष लवकर दिसतो. हे दुरुस्त होण्यासारखं होतं. लगमागे इपॉक्सीचं बेडिंग (लग नीट टेकावा म्हणून ओतलेला थर), शेपटामागे कागदाच्या जाडीची मोकळी जागा आणि भेगेत आडवी पिन: 4,500 रुपये आणि बारा दिवस. दस्त्याला वरून जवसाचं तेल, आठवड्यातून एकदा पातळ हात, असे पाच हात. आतल्या उघड्या लाकडालाही तेल लावून घ्यावं, ओलावा तिथूनच शिरतो.

खरेदीची नोंद ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करून घेतली. विधानसभेची आचारसंहिता लागण्याआधी काम उरकायचं होतं आणि ती 15 तारखेला लागलीच. पुन्हा जमा, पुन्हा बोल्टचा क्रमांक पावतीवर, या वेळी तोंड खाली.

डिसेंबरमध्ये परवानगी असलेल्या रेंजवर, सकाळी सात वाजता, 100 मीटरवर. पाच गोळ्यांचा एक गट, मग नळी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, साधारण पंधरा मिनिटं. घाई केली तर गरम नळीचा दोष कारागिराच्या माथी मारला जातो. प्रत्येक पुंगळी उचलून पाहिली: बुडापासून थोडं वर चकचकीत गोल रेघ नाही, टोपी बाहेर सरकलेली नाही, काठावर पंजाचा खोल ओरखडा नाही. रेघ असती तर तार वाकवून आतून चाचपलं असतं, कारण पुंगळी तिथूनच तुटते. पहिला गट 41 मि.मी., दुसरा 38, तिसरा 44. तिन्ही गटांत थंड नळीची पहिली गोळी बाकीच्यांच्या जवळच बसली. घरी आल्यावर दोन्ही स्क्रू तपासले, पुढचा पाव फेरा सैल झाला होता. नव्या बेडिंगवर पहिल्या पन्नास गोळ्यांपर्यंत असं होतं, असं कारागीर म्हणाले. तो 4.5 न्यूटन-मीटरला पुन्हा घट्ट केला आणि तारीख वहीत लिहिली.